आमची वाटचाल: पितळी पुंगळ्या, बंदुकीचे पार्ट आणि अल्ट्रासॉनिक टाकी

आम्ही मुळात अल्ट्रासॉनिक टाक्या बनवणारे. स्टेनलेसची टाकी, तिच्या तळाला बाहेरून पक्के चिकटवलेले ट्रान्सड्युसर (विजेची थरथर करणारे भाग), त्यांना वीज देणारा जनरेटर, हीटर, टायमर, झाली मशीन तयार. सुरुवातीची गिऱ्हाइकं म्हणजे इंजेक्टर रिपेअरवाले, घड्याळवाले, दातांचे डॉक्टर. नेमबाजीशी आमचा काडीचाही संबंध नव्हता. मग परवान्यावर स्वतःची काडतुसं भरणाऱ्या एका टार्गेट शूटरने विचारलं की पुंगळीच्या (काडतुसाचं पितळी नळकांडं) आतली काजळी आणि प्रायमरच्या (दारू पेटवणारी बुडातली टोपी) खळग्यात बसलेला तो कडक थर तुमच्या टाकीत निघेल का? निघतो. पण तो नीट काढायला काय काय लागतं हे समजून घेण्यात आमची पुढची कितीतरी वर्षं गेली आणि आज आमचं निम्म्याहून जास्त काम याच लोकांसाठी आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी मशीन काय करते ते सांगतो, कारण बरेच जण समजतात की पाणी हलतं आणि मळ सुटतो. तसं नाही. ४० किलोहर्ट्झची मशीन म्हणजे टाकीचा तळ सेकंदाला ४० हजार वेळा थरथरतो, त्याने द्रवात दाब वरखाली होतो, दाब पडला की अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि दाब चढला की ते फुटतात, आणि ते आत कोसळून फुटताना जो बारीकसा तडाखा बसतो तो मळ उखडतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. जिथे द्रव पोचतो तिथे बुडबुडा पोचतो, म्हणून ब्रश जात नाही अशा जागी हे काम करतं. २५ किलोहर्ट्झला बुडबुडे मोठे, मार जोरदार, ८० च्या पुढे गेलात की बुडबुडे बारीक, मार हलका. पितळ आणि बंदुकीचे पार्ट दोन्हीला ४० चांगलं जमतं असं आमचं मत आहे आणि आम्ही तेच विकतो. फक्त एक, ४० ला पाण्यातली लहर साधारण ३७ मिलिमीटर लांब असते, त्यामुळे दर १८-१९ मिलिमीटरला जोर कमी-जास्त होणारे पट्टे पडतात, एक पुंगळी चकचकीत आणि शेजारची अर्धवट असं दिसतं ते त्यामुळेच. फ्रिक्वेन्सी सतत थोडी मागेपुढे करणारा स्वीप जनरेटर आम्ही त्यासाठीच घेतला. टाकी चालतेय का हे बघायचं असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा उभा धरा, थोड्या वेळात त्याला सगळीकडे सारख्या खळ्या आणि भोकं पडायला हवीत, एखादा पट्टा कोरा राहिला तर तिथला ट्रान्सड्युसर बघायला हवा. प्रत्येक मशीन बाहेर जायच्या आधी आम्ही हीच टेस्ट करतो.

आता पुंगळ्या. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. मळ दोन प्रकारचा असतो, एक जळालेल्या दारूची काजळी आणि दुसरा पितळावरचा काळपट थर. काजळीला साबणासारखं डिटर्जंट पुरतं पण काळपटपणाला थोडं ॲसिड लागतं आणि तिथे सायट्रिक ॲसिडसारखं दुसरं सोयीचं काही नाही. १ ते २ टक्के, त्यात डिटर्जंटचे थेंब, ५० ते ६० अंश तापमान, आणि काही मिनिटांच्या फेऱ्या. जास्त ॲसिड आणि जास्त वेळ दिला तर पितळातलं जस्त सुटून पुंगळी गुलाबीसर दिसायला लागते, म्हणजे वरच्या थरात नुसतं तांबं उरलंय. लोकांना वाटतं छान स्वच्छ झाली, पण तो रंग धोक्याचा. आम्ही टायमर छोटा ठेवतो आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये बास्केट हलवायला सांगतो, कारण पुंगळीत हवा अडकली की आत द्रव नाही आणि द्रव नाही तर सफाई नाही.

अमोनिया असलेलं कुठलंही क्लीनर मात्र पितळाच्या जवळ आणायचं नाही, यावर आम्ही फार कडक आहोत. याला इतिहास आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जायची आणि काही महिन्यांत पुंगळ्या आपोआप तडकलेल्या निघायच्या. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढून बनवताना पितळात राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आलं की पितळ चिरतं. त्याचं नीट स्पष्टीकरण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दिलं. पुंगळीची मान तापवून ताण काढून टाकतात ते याच कारणाने. डोळ्याला न दिसणारी चीर असलेली पुंगळी परत भरली तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून गिऱ्हाईक घरातलं काच पुसायचं लिक्विड टाकू का म्हणून विचारतं तेव्हा आधी बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगतो.

क्रम पण महत्त्वाचा. वापरलेला प्रायमर आधी काढायचा, मग टाकी, नाहीतर खळगा साफ होतच नाही आणि आत राहिलेलं पाणी वाळता वाळत नाही. वेगवेगळ्या मापाच्या पुंगळ्या आधी वेगळ्या करायच्या, ९ एमएमची .४० मध्ये आणि .४० ची .४५ मध्ये जाऊन अशी घट्ट बसते की दोन्ही आतून मळकट राहतात. ताजा द्रव भरला की पुंगळ्या टाकायच्या आधी नुसत्या द्रवावर मशीन ५-१० मिनिटं चालवायची, कारण पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडेपर्यंत मार पूर्ण लागत नाही. मग फेऱ्या, मग साध्या पाण्यात धुणं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात एक बुचकळी म्हणजे उरलेलं ॲसिड मरतं, शेवटी डिस्टिल्ड पाणी म्हणजे डाग पडत नाहीत, आणि वाळवताना तापमान शंभर अंशांच्या आत. भट्टीसारखं तापवायचं नाही, पुंगळीच्या बुडाचा कडकपणा गेला तर ती पुंगळी कामातून गेली.

टंबलरवाले (फिरत्या पिंपात पुंगळ्या घासून साफ करणारे) म्हणतात की स्टेनलेस पिना टाकून पाण्यात फिरवलं की जास्त चमकतं. बरोबर आहे त्यांचं, चमक तिथे जास्तच येते. अल्ट्रासॉनिकने पुंगळी स्वच्छ होते, आरशासारखी होत नाही, आणि हे आम्ही विकतानाच सांगतो. पण आत आणि खळग्यात जे काम होतं, कमी वेळात होतं, नंतर पिना वेचत बसावं लागत नाही आणि कोरड्या टंबलरसारखी शिशाची धूळ उडत नाही, त्यासाठी आमच्याकडे लोक येतात.

बंदुकीचे पार्ट हा याच्यापेक्षा अवघड विषय, आणि खरं सांगायचं तर आमचा जास्त आवडीचा. बोल्ट, बोल्ट कॅरियर, गॅस पिस्टन, रिव्हॉल्वरचं सिलिंडर, ट्रिगरची असेंब्ली, यांच्यावर काजळी इतकी चिकटून बसते की नुसतं सॉल्व्हंट आणि ब्रश घेऊन बसलं तर संध्याकाळ जाते. टाकीत ती सैल होते. पण इथे एकच द्रव सगळ्याला चालत नाही. ब्लूइंग म्हणजे स्टीलवरचा काळा ऑक्साइड, ॲसिडमध्ये तो उतरतो, त्यामुळे पुंगळ्यांचा द्रव पार्टला बिलकुल नाही. स्प्रिंगसारख्या कडक स्टीलला तर ॲसिडने हायड्रोजन आत शिरून ठिसूळपणा येऊ शकतो. उलट कडक अल्कली वापरली की ॲल्युमिनियमचं ॲनोडायझिंग, म्हणजे वरचा संरक्षक थर, खलास. म्हणून आम्ही पार्टसाठी सौम्य, साधारण न्यूट्रलच्या जवळचा द्रव ठेवला आणि दोन टाक्या कायमच्या वेगळ्या केल्या. पुंगळ्यांच्या वापरलेल्या द्रवात विरघळलेलं तांबं असतं, त्यात स्टीलचा पार्ट गेला की त्याच्यावर तांबूस पापुद्रा चढतो, तो नंतर घासत बसावं लागतं.

आणि काही गोष्टी आम्ही टाकीत घेतच नाही. लाकडी दस्ता, स्कोप, ट्रिशियमचे (अंधारात चमकणारे) नेम धरायचे साइट, रंगवलेले ठिपके, जुनं निकेल प्लेटिंग जे आधीच सुटायला लागलंय. असं प्लेटिंग बुडबुड्यांनी अजून सुटतं आणि मग मालकाला वाटतं मशीनने खराब केलं. जिवंत काडतूस किंवा न फुटलेला प्रायमर तर कुठल्याच परिस्थितीत नाही. पार्ट आणणाऱ्याचा परवाना बघितल्याशिवाय आम्ही डबासुद्धा उघडत नाही, यावरून काही लोक नाराज होऊन गेले, जाऊ देत.

साफ झालेला पार्ट हा तेलाचा शेवटचा थेंबही गेलेला, उघडा पडलेला पार्ट असतो, आणि तो तसाच टेबलावर ठेवला तर बघता बघता गंजाची पिवळट झाक येते. म्हणून धुणं, गरम हवेने पाणी काढणं आणि लगेच पाणी हटवणाऱ्या तेलाच्या ट्रेमध्ये बुडवणं, हे एका दमात. लोक मशीन घेतात आणि ही तेलाची पायरी विसरतात, म्हणून आम्ही आता मशीनबरोबर झाकणाचा तेलाचा ट्रे देतोच, वेगळा विकत नाही. अजून एक, टाकीत पेट्रोल, थिनर, अल्कोहोल ओतायचं नाही, गरम टाकीवर त्याची वाफ पेट घेऊ शकते. आणि पार्ट किंवा पुंगळ्या थेट तळावर ठेवायच्या नाहीत, बास्केट टांगूनच, तळावर वजन आलं की थरथर दबते, पत्रा झिजतो आणि ट्रान्सड्युसरवर ताण येतो. आमच्याकडे रिपेअरला येणाऱ्या टाक्यांमध्ये हेच कारण सगळ्यात जास्त दिसतं.

शेवटचं म्हणजे वापरलेला द्रव. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, लेड स्टिफनेट, सोबत बेरियम आणि अँटिमनी. ते सगळं काळ्या पाण्यात येतं. आमच्याकडे हातमोज्याशिवाय कोणी बास्केटला हात लावत नाही, टाकीवर झाकण, खोलीत हवा खेळती, आणि त्या टेबलाजवळ खाणंपिणं बंद. ते पाणी गटारात जात नाही, बेसिनमध्येही नाही, पिंपात साठवून घातक कचरा उचलणाऱ्यांकडे जातं. घरी मशीन वापरणाऱ्यांचा प्रश्न इथेच अडतो, थोडंसंच तर पाणी आहे म्हणून ओतून देतात. सध्या आम्ही टाकीला जोडायचं एक छोटं फिल्टर युनिट बनवतोय, गाळ आणि काजळी काडतुसासारख्याच बदलत्या नळकांड्यात अडकवणारं, म्हणजे द्रव जास्त दिवस टिकेल आणि पिंपात जाणारं पाणी कमी होईल. विरघळलेलं शिसं आणि तांबं त्याने थांबत नाही, त्यामुळे फिल्टर लावला तरी पाणी पिंपातच जायचं, हे त्याच्या डब्यावर मोठ्या अक्षरात छापणार आहोत.