चवथीनंतरचा काटा

मंगळवार, रात्री

सकाळपासून मन थाऱ्यावर नाही. झालं काय, तर वजनकाट्यावर ७३.२ किलो दिसलं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गावच्या घरी निघाले त्या सकाळी ७१.४ होतं.

काट्यावरचा आकडा आधी खालीवर पळतो, मग लुकलुकतो आणि थांबतो. तो थांबेपर्यंत मला आशा असते. उतरले, काटा दुसऱ्या फरशीवर सरकवला, पुन्हा चढले. तेच. मग मिरामारच्या किनाऱ्यावर चालायला गेलेच नाही. पाऊस होता, पण पावसाचं मला कधी काही वाटलेलं नाही. ह्याचा डबा भरताना उगाच चिडले. तो काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं... जाऊ दे.

कारण मला माहीत आहे, आणि तरीही वाईट वाटतंय. दिवसभर हेच छळतंय.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे १.८ किलो खरोखरची चरबी अंगावर चढायला रोजच्या गरजेच्या वर जवळजवळ १४,००० कॅलरी पोटात जायला हव्यात. एका नेवरीला, म्हणजे आमच्याकडच्या करंजीला, २०० धरल्या तर ७० नेवऱ्या. काकीनं कितीही आग्रह केला तरी एवढ्या माझ्या वाट्याला येणं शक्य नाही. थोडीफार चरबी वाढली असेल, बाकीचं पाणी. भात-गोड भरपूर खाल्लं की शरीर त्यातली साखर ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि ग्लायकोजेनच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पावसाळ्याच्या आधीपासून मी भात एका वाटीवर आणलाय, त्यामुळे तो साठा बराच उतरलेला. चवथीला पातोळ्या, खतखतं, त्यावर पुन्हा भात. भरला साठा. विसर्जन होऊन शिवराक (शाकाहार) सुटलं तशी सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर झाली, लोणचं होतंच, म्हणजे मीठही आलं. आणि पाळी दोन-चार दिवसांवर. इतकी सगळी कारणं एकत्र आल्यावर काटा हलला नसता तरच नवल.

गेल्या महिन्यात वहिनी फोनवर रडवेली झाली होती, तेव्हा हेच सगळं मी तिला समजावलं. तिला पटलं, आवाज मोकळा झाला. मग माझंच मला का पटत नाही?

दुपारी कपडे घड्या करताना एक गोष्ट लक्षात आली. सुरुवातीच्या आठवड्यात वजन भराभर उतरलं, तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते. तेही बरंचसं पाणीच होतं. भात कमी केला, साठा उतरला, त्याच्याबरोबर पाणी गेलं. पण तेव्हा ‘हे पाणी आहे’ असं मी एकदाही म्हटलं नाही. ते माझं यश होतं. आणि आता तेच पाणी परत आलं, तर तो माझा दोष? हा न्याय मी स्वतःला का लावते कळत नाही. लहानपणी पंगतीत एकजण माझ्या ताटाकडे बघून जे बोलले होते, ते आज इतक्या वर्षांनी आठवलं. ते इथे लिहीत नाही.

खरं तर मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ह्या वर्षी मी काकीजवळ नेवऱ्या करायला बसले होते. ती मुरड घालते तेव्हा फक्त अंगठा हलतो, कडेची चुणी चुणीवर बसत जाते आणि तिचं बोलणं मात्र अखंड चालू. कढईत एक नेवरी फुटली. ती तिनं झाऱ्यानं बाजूला काढली आणि ऊन ऊन माझ्या हातावर ठेवली. ‘खा गे बाय, चवथ वर्साक एकदांच येता.’ सारण भाजून भाजून लालसर झालेलं, वेलचीचा वास. आज सकाळी त्या नेवरीचा मला राग आला! काकीच्या हातच्या नेवरीचा! एका आकड्यानं माझी अख्खी चवथ नासवावी, एवढा मान त्याला द्यायचाच कशाला?

संध्याकाळी फाईल काढली. रक्तातल्या साखरेची तपासणी, एचबीए१सी, ६.१ टक्के. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. आणि ही तपासणीसुद्धा काल काय खाल्लं ते विचारत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर तिच्यात दिसते. माझ्या ज्या दुखण्यासाठी मी हे करतेय, त्याचा हिशेबच मुळी महिन्यांचा आहे. हे वाचून पहिल्यांदा बरं वाटलं. सकाळचं दुखणं पूर्ण गेलेलं नाही, उद्या काट्यावर चढताना पुन्हा छातीत धस्स होईलच. होऊ दे.

काटा लपवायचा नाही. रोजचा आकडा वहीत, रविवारी त्या आठवड्याची सरासरी कालनिर्णयवर. तुलना करायची ती मागच्या महिन्यातल्या पाळीनंतरच्या आठवड्याशी, कालच्या सकाळशी नाही. पुढची तपासणी दिवाळीच्या आधी.

काकीनं दिलेल्या डब्यातली एक नेवरी उद्या चारच्या चहाबरोबर, बाकीच्या शेजारच्या पोरांना. दुपारी हुमण आणि एक वाटी उकड्या तांदळाचा भात, रात्री नाचण्याची भाकरी. चालायला जायचंच, पाऊस असला तर छत्री घेऊन.