भाकर देणारी बाई

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी घेतलेल्या गर्न्सी बेटावरच्या माणसांचं मला एवढं काय, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एरवी हा प्रश्न आला की मी विषय बदलते, कारण विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नकोच असतं. वाचनकट्ट्यावर विचारतात, माहेरी गेले की मामा विचारतात. “बेचाळीसच्या चळवळीत आपली माणसं रूळ उखडत होती. तुझी ती बेटावरची माणसं जर्मनांच्या ताब्यात पुस्तकं वाचत बसली. त्यांचं एवढं काय? आणि तीही इंग्रजांचीच रयत ना?”

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. पत्री सरकारच्या गोष्टी ऐकतच वाढले, त्यामुळे या प्रश्नामागचा अभिमान माझ्याही रक्तात आहे. पण मामा, इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या मधल्या समुद्रातलं, फ्रान्सजवळचं हे गर्न्सी बेट आहे जेमतेम ६५ चौरस किलोमीटरचं. जून १९४० मध्ये जर्मन उतरायच्या आधीच सुमारे १७ हजार माणसं आणि बहुतेक शाळकरी पोरं बोटीत घालून इंग्लंडला पाठवलेली. सैन्यात जाण्याजोगे तरुण बरेचसे निघून गेलेले. नंतर तर दर दोन-तीन माणसांमागे एक सैनिक, आणि किनाऱ्यावर सुरुंग. आपल्या भूमिगतांना डोंगर होता, उसाचा फड होता, रानातल्या वस्तीवर गुपचूप भाकर देणारी बाई होती. बेटावर यातली फक्त शेवटची होती. तिच्याबद्दलच मला सांगायचंय.

पुस्तकांचं कौतुक मीही पूर्वी फार करायचे. संचारबंदी, शेवटच्या हिवाळ्यात गॅस नाही, वीज नाही, भाजलेल्या पार्सनिपच्या कंदाची कॉफी, इंग्लंडातल्या पोराला रेडक्रॉसमार्फत पाठवायचे मोजून २५ शब्द, आणि अशात माणसं वाचनालयातून पुस्तक आणून एकमेकांना वाचून दाखवतात. हे सांगताना माझा गळा दाटून यायचा. जर्मनांविरुद्धची पुस्तकं कपाटांतून काढून घेतली गेली होती, तरी वाचणारे वाचत होते. गर्न्सीतल्या प्रिओ ग्रंथालयाचे ग्रंथपाल राल्फ ड्युरँड जर्मन ताब्याचा सगळा इतिहास लिहीत होते. तो १९४६ साली छापून आला, त्याआधीच ते वारले.

तेव्हाची मी म्हणायचे की पुस्तकांनी या माणसांना तगवलं. आज मी तिला विचारते, पुस्तकांनी की पुस्तक आणून देणाऱ्या शेजाऱ्यानं? आणि कागद हातात दिल्याबद्दल जे मेले, त्यांचं काय? १९४२ साली जर्मनांनी बेटावरचे रेडिओ जप्त केले. उषा मेहता आणि त्यांचे सोबती मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवत होते, तेच हे साल. गर्न्सीत काही जण लपवलेल्या रेडिओवर बीबीसी ऐकायचे, बातम्या टमाटे बांधायच्या पातळ कागदावर टाइप करायचे आणि हातोहात पोचवायचे. इकडे इंग्रजांपासून लपून बोलणं, तिकडे इंग्रजांचं बोलणं लपून ऐकणं. १९४४ च्या फेब्रुवारीत कोणीतरी खबर दिली. पाच जणांना शिक्षा झाल्या, त्यातले चार्ल्स मॅकन आणि जोसेफ गिलिंगहॅम जर्मन तुरुंगांतून परत आले नाहीत.

आता ती बाई. लुईझा गूल्ड. शेजारच्या जर्सी बेटावर, सेंट ओएन परगण्यात तिचं किराणामालाचं छोटं दुकान होतं. नवरा वारलेला. दोन मुलगे, त्यातला एक ब्रिटिश नौदलात असताना १९४१ मध्ये गेला. जर्मनांनी तटबंदी बांधायला रशियन युद्धकैदी आणले होते, उपाशी, चिंध्यांमध्ये. त्यातला पळालेला एक तरुण वैमानिक, फ्योदोर बुरी, १९४२ च्या शरदात तिच्या दाराशी आला. तिनं त्याला घरात घेतलं, बिल असं नाव दिलं. दुसऱ्या कोणा आईच्या लेकरासाठी काहीतरी करायलाच हवं, असं ती म्हणायची.

दीडेक वर्षं तो तिच्या घरात राहिला. तिनं त्याला इंग्रजी शिकवलं. मला इथून पुढे जाववत नाही, म्हणून जरा थांबते. एक बाई, जिचा मुलगा समुद्रानं नेला, आणि एक पोरगा, ज्याची आई हजारो मैलांवर. मध्ये रशियन-इंग्रजी शब्दकोश. त्या घरातली संध्याकाळ कशी असेल, हे मी माझ्या मनानं रचते, त्याला पुरावा नाही. पण तो इतकं चांगलं इंग्रजी बोलायला लागला की ती त्याला घेऊन उघडपणे बाहेर हिंडू लागली. जवळच्यांना तिची काळजी वाटायची.

शेजारून कोणीतरी जर्मनांना निनावी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी चुकून भलत्याच पत्त्यावर गेली, म्हणून थोडा अवधी मिळाला. बिलला हलवलं. घरातून त्याच्या खुणा काढल्या. मे १९४४ मध्ये झडती झाली तेव्हा दोनच गोष्टींनी घात केला, भेटवस्तूवर बांधलेली बिलच्या नावाची कागदाची चिठोरी आणि तो शब्दकोश.

आणि रेडिओही सापडला. पण मी अडकते ती शब्दकोशापाशी. सगळं आवरलं, तो कसा राहिला? घाईत नजरेतून सुटला असेल. की पुस्तकं असलेल्या घरात एखादं पुस्तक पुरावा असू शकतं, हे मनातच आलं नसेल? मी हे अनेकदा उलटसुलट करून पाहिलं आहे, आणि दरवेळी माझंच मन मला खायला उठतं.

लुईझाला दोन वर्षांची शिक्षा झाली. तिची बहीण आयव्ही फॉर्स्टर आणि शिक्षक असलेला भाऊ हॅरल्ड ल द्रुइलनेक यांनाही पकडलं. आयव्हीला क्षय झाल्याचं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खोटंच दाखवलं, म्हणून ती बेटावर राहिली. पुढे १९४८ साली जर्सीच्या विधिमंडळात निवडून आलेली पहिली स्त्री ती. हॅरल्ड बर्गन-बेल्झेनच्या छळछावणीतून जिवंत सुटला आणि त्या छावणीच्या खटल्यात साक्षीला उभा राहिला. लुईझाला जर्मनीतल्या राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत नेलं आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये विषारी वायूच्या कोठडीत मारलं. बेट सुटलं ९ मे रोजी. बिल वाचला. तिच्यानंतर इतरांनी, तिचं काय झालं हे डोळ्यांसमोर असूनही, त्याला शेवटपर्यंत लपवलं.

मामा, या बाईला इंग्रज म्हणून बाजूला सारायचं असेल तर सारा. ज्या साम्राज्याची ती रयत होती त्यानं त्याच वर्षांत आपली माणसं तुरुंगात कोंबली, हे मी विसरलेले नाही. पण तुमच्या आईनं वस्तीवर आलेल्या अनोळखी माणसाला भाकर बांधून दिली, त्याचं नावही न विचारता, ती गोष्ट तुम्हीच मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलीत. तेव्हा तुम्ही तिला हत्यार का उचललं नाही असं विचारलं नव्हतं.

मामांचं यावर उत्तर तयार असतं. “मग कौतुक बाईचं कर, पुस्तकांचं कशाला? चुगली करणाऱ्यालाही लिहितावाचता येतच होतं की.” खरं आहे. निनावी चिठ्ठी लिहायलाही अक्षरओळख लागते. जर्मन अधिकाऱ्यांमध्येही चांगले वाचणारे असणारच. पुस्तकं माणसाला भलं करतात असं मी आता छातीठोकपणे म्हणणार नाही. पण लुईझा आणि बिल यांच्यामध्ये शब्दकोश नसता, तर तो तिच्यासाठी लपवलेला एक कैदीच राहिला असता, लेक झाला नसता, असंही मला वाटतं. आणि शब्दकोश नसता तर कदाचित ती वाचली असती. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात. मामा म्हणतात, एक काहीतरी ठरव. मला नाही ठरवता येत.