फाळक्याच्या आतला नकाशा

नकाशावर दोन ठिकाणांमधला कमी वेळाचा रस्ता शोधणं हे आमच्या धंद्यातलं बरंचसं सुटलेलं कोडं आहे. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी त्याची पद्धत 1959 साली छापली आणि आजचे बरेचसे मार्ग शोधणारे प्रोग्रॅम तिच्याच पायावर उभे आहेत. खरी डोकेफोड सुरू होते ती एकाच गाडीला दहा ठिकाणी माल टाकायचा असतो तेव्हा. दहा ठिकाणं 36,28,800 वेगवेगळ्या क्रमांनी घेता येतात. त्यातला चांगला क्रम निवडून ड्रायव्हरच्या फोनवर पाठवायचा आणि वाटेत कोंडी झाली तर तो बदलून द्यायचा, हे फीचर मी नवी मुंबईत महापेच्या ऑफिसात बसून डिझाइन करते.

त्याची चाचणी चालू होती तेव्हा तुर्भ्याच्या भाजी मार्केटमधून निघणाऱ्या एका पिकअपमध्ये मी बसले. गाडी चालवणारे काका साताऱ्याकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. माल जायचा होता ठाण्यात: आधी नौपाडा, पाचपाखाडी, मग घोडबंदर रोडला मानपाडा, वाघबीळ आणि सगळ्यात शेवटी कासारवडवली. ठाणे-बेलापूर रोडनं आम्ही ऐरोलीला आलो आणि खाडीपूल ओलांडून मुलुंडला हायवेवर चढलो. तोवर सगळं यादीप्रमाणे होतं.

टोलनाका मागे पडला आणि फोन वाजला. तीन हात नाक्याच्या सिग्नलला ट्रक बंद पडला होता, नौपाड्याकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. ॲपनं लगेच नवा क्रम दिला: उड्डाणपुलावरून सरळ माजिवडा, आधी कासारवडवली, तिथून एकेक ठिकाण उरकत मागे, आणि नौपाडा शेवटी. अर्धा तास वाचत होता. मला मनापासून आनंद झाला. अशाच प्रसंगासाठी तर हे बांधलं होतं.

काकांनी फोनकडे बघितलं, काही न बोलता डावा सिग्नल दिला आणि पुलावर न चढता खालच्या रस्त्याला गाडी घातली. फोनवरचा बाण मात्र थोडा वेळ पुलावरूनच धावत होता. गाडी पुलावर आहे की पुलाखाली, हे जीपीएसला चटकन ओळखता येत नाही. उंचीचा अंदाज त्याला आडव्या जागेइतका नेमका येत नाही.

‘‘काका, अर्धा तास वाचत होता की.’’

‘‘दाखवतो. पोचू द्या.’’

नौपाड्यात गाडी लावून त्यांनी ताडपत्री सोडली आणि गाडीचा मागचा फाळका खाली पाडला. आत केबिनच्या पाठीला टेकून बटाट्याच्या गोण्या आणि कोबीचे क्रेट होते. त्यांच्या पुढे टोमॅटोचे क्रेट छतापर्यंत, मग वांगी, भेंडी. अगदी फाळक्याजवळ मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, ओल्या गोणपाटानं झाकलेल्या.

‘‘ताई, कासारवडवलीचा माल कुठाय बघा. केबिनला टेकलाय. तो काढायचा तर आधी नौपाड्याचा, पाचपाखाडीचा, मानपाड्याचा माल खाली घ्यायचा. ठेवू कुठं? रस्त्यावर? आणि परत चढवणार कोण? हमाल तर मार्केटात राहिले.’’

मी तिथंच उभी राहून मोजायला लागले. एवढे क्रेट उतरवून पुन्हा रचायचे म्हणजे वाचलेला अर्धा तास केव्हाच गेला, वर काकांची कंबर. शिवाय ही मेथी उन्हं वर येईपर्यंत गाडीत राहिली असती तर नौपाड्याच्या दुकानदारानं ती घेतलीच नसती.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. क्रेटच्या उजव्या अंगाला माणूस आडवा होऊन शिरेल एवढी फट होती. ती गल्ली ते मुद्दाम ठेवून घेतात, हमालाला सांगून. तिच्यातून हात घालून वाघबीळचे क्रेट मानपाड्याच्या आधी ओढता येतात. म्हणजे क्रम बदलायची सोय त्यांनी करून ठेवलेली होती, पण जिथं ती शक्य आहे तिथंच, आणि गाडी भरतानाच.

गाड्यांनी अनेक ठिकाणी माल पोचवायच्या या गणितावरचा पायाभूत लेख डँट्झिग आणि रॅमसर यांचा, तोही 1959 चाच. त्यात त्यांनी घेतलेलं उदाहरण टँकरनं पंपांना पेट्रोल पोचवायचं आहे. त्या दिवशी परतीच्या वाटेवर मला ते राहून राहून आठवत होतं. कोणत्या पंपाचं पेट्रोल खाली दबलं, हा प्रश्न तिथं येतच नाही. भाजीच्या गाडीत मात्र शेवटी चढलेलं आधी उतरतं, हाच पहिला नियम.

त्यानंतर आम्ही फीचर बदललं. क्रम आता माल चढायच्या आधी गाळ्यावर जातो, मोठ्या आकड्यांत छापून, कारण हमालांच्या हातात आमचं ॲप नसतं. गाडी सुटल्यावर कोंडी झाली तर ॲप पुढच्याच ठिकाणाला जायचा दुसरा रस्ता शोधतं. ठिकाणांची अदलाबदल सुचवतं ती फक्त भरताना ड्रायव्हरनं ‘हे दोन मागंपुढं चालतील’ अशी खूण केली असेल तरच. ऑफिसात यावर वाद झाला. वाचणारी मिनिटं दाखवणारा आकडा घसरतो, असं काहींचं म्हणणं होतं, आणि ते खरंही आहे. पण जो आकडा रस्त्यावर क्रेट उतरवल्याशिवाय हाती येत नाही, तो ग्राहकाला दाखवू नये, या मतावर मी ठाम आहे.

एक गाठ अजून सुटलेली नाही. टोमॅटोचा ट्रक घाटावरून उशिरा आला की गाळ्यावरचा छापील क्रम कोलमडतो. आहे तो माल आधी चढतो आणि टोमॅटो मिळेल त्या जागी. तो क्रम तिथल्या तिथं मुकादमालाच बदलता यायला हवा. त्यासाठी पुढच्या चाचणीला मी गाडीत बसणार नाही, माल चढत असताना गाळ्यावर थांबणार आहे.