पाणी कमी होतं, आणि कधीकधी वाढतंही

"दादा, गाडी पाणी खातीय. पण कधीकधी सकाळी बघावं तर बाटलीतलं पाणी वाढलेलं असतं."

बाटली म्हणजे रेडिएटरमधलं जास्तीचं पाणी ज्यात येतं ती. काकांच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं, दुसरं सोडून दिलं. गॅरेजात बावीस वर्षं काढल्यावर अशी सवय लागते. माणूस बोलायला लागला की आपण मनातल्या मनात पाने-पक्कड काढायला सुरुवात करतो. त्या दुसऱ्या वाक्यातच सगळं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. काका-काकू सांगलीचे, दोघंही शाळेतून निवृत्त झालेले. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यांनी आत घर करून घेतलं होतं. मागं आडवा पलंग, त्याखाली पाण्याची टाकी, दाराजवळ छोटा ओटा, सिंक आणि दोन नळ, एक थंड पाण्याचा, एक गरम. महाबळेश्वरहून केळघरचा घाट उतरून मेढ्यामार्गे ते साताऱ्यात आले होते. उतारावर गाडीनं काही त्रास दिला नव्हता. पण दोन दिवसांपूर्वी वाईहून पसरणी घाट चढताना तीनदा थांबावं लागलं होतं.

आधीच्या एका गॅरेजात थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर पाण्याला वाट देणारी झडप, बदलून झाला होता. दुसरीकडे रेडिएटर उतरवून साफ केला, वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, नवीन टाकली. तरी फरक पडला नाही तेव्हा तिसऱ्यानं सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, हेड उचलावं लागेल. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्याखालचं सील. खर्चाचा आकडा ऐकून काका गप्प झाले होते. "गाडी विकून टाकू का, असं डोक्यात आलं," ते म्हणाले. काकूंनी तेव्हा खिडकीबाहेर बघितलं. ती गाडी त्यांना किती जवळची होती, ते न बोलताही दिसत होतं.

हे इंजिन मूळचं मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं. ओतीव लोखंडाचं, जाड अंगाचं, सोशीक डिझेल. मला या इंजिनाबद्दल आदर आहे. त्याचं हेड सहजासहजी जात नाही, पण कोरडं पडून दोन-तीनदा तापलं तर कुठलंही हेड वाकतं. म्हणून गॅस्केटची शंका मी उडवून लावली नाही. ऑइलची कांडी काढून बघितली, ऑइल काळं आणि स्वच्छ, दुधाळपणा नाही. सायलेन्सरला पांढरा धूर नाही. रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रावणाची नळी धरून इंजिन चालवलं. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर ते द्रावण पिवळं पडतं. ते निळंच राहिलं. डिझेलला ही चाचणी एकटी पुरत नाही, पण तीन खुणा एकाच बाजूला बोट दाखवत होत्या.

मग काकांना विचारलं, चढावर काटा नेमका कसा चढतो?

"चढतच नाही आधी. मधल्या घरात असतो, एकदम खाली पडतो, आणि मग उडी मारून लाल्यात जातो."

हे महत्त्वाचं होतं. टेम्परेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तर काटा सावकाश चढतो. पाणी सरून तिथं हवा आली की सेन्सरला काही कळत नाही, काटा खाली येतो, आणि वाफ पोचली की उडतो. म्हणजे वरच्या भागात हवा होती आणि पाणी खरोखर जात होतं. पण कुठून? गाडीखाली आडवा पडून बॅटरीच्या उजेडात सगळे होस बघितले. क्लिपा कोरड्या, वॉटर बॉडीखाली थेंब नाही. फक्त बाटलीच्या खाली चॅसीवर पाण्याचे डाग होते. तेच बघून तिसऱ्या मिस्त्रीनं "पाणी फेकतंय" म्हटलं असणार.

अंधार पडला. इंजिन गार झाल्यावर झाकण उघडून आतला सगळा दाब सोडला. रेडिएटरनं जवळजवळ दोन लिटर पाणी घेतलं. बाटलीवर मार्करनं रेघ मारली आणि काका-काकूंना सांगितलं, आज इथंच झोपा, सकाळी गार इंजिनावर प्रेशर लावतो. गाडीला चावी लावू नका.

सकाळी सात वाजता गेलो. बाटली काठोकाठ भरलेली, रेघेच्या चार बोटं वर. खाली जमीन ओली. वरचा होस दाबून बघितला, कडक. रेडिएटरचं झाकण कापड धरून हळू फिरवलं तर फस्स आवाज झाला.

गार इंजिनात सकाळी दाब म्हणजे हेड गॅस्केट, असं कुणीही म्हणेल, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. आदल्या दिवशीचा गॅस आत अडकून राहतो. पण मी रात्री स्वतःच्या हातानं दाब सोडला होता आणि त्यानंतर इंजिन चालूच झालं नव्हतं. बंद इंजिन दाब तयार करत नाही. आणि बाटलीत आलेलं पाणी कुणाचं?

काका जवळ उभे होते. कालचं त्यांचं दुसरं वाक्य तेव्हा आठवलं.

टेस्टर लावला. हा साधा हातपंप असतो, रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसतो, त्यावर घड्याळ असतं. पंधरा पौंड दाब भरला आणि सोडून दिला. गळती असेल तर काटा खाली येतो. इथं तो किंचित वर सरकला. माझ्याकडचा पोरगा म्हणाला, "उस्ताद, काटा वर चाललाय की." मला वाटलं टेस्टरच बिघडला. सोळा, मग सतरा. आणि बघता बघता काटा पडायला लागला. पंधरा, बारा, दहा. मग थबकला.

त्याच वेळी गाडीच्या आतून पाणी पडल्याचा आवाज बंद झाला होता.

"काकू, आत्ता काय केलंत तुम्ही?"

"काही नाही हो, चहाला आधण ठेवतेय. तुमच्या पोराला पण घेते."

"कुठल्या नळाचं पाणी?"

"गरम नळाचं. सिलिंडर संपत आलाय ना, म्हणून कालपासून गरमच पाणी घेते, लवकर उकळतं."

मी दारातून हात घालून स्टोव्ह बंद केला. किटली उचलून बाहेर आणली आणि काकूंना म्हटलं, या पाण्याचा चहा कुणी प्यायचा नाही, तुम्हीही नाही. आवाज चढला असावा माझा, कारण काकू एकदम बाजूला झाल्या.

मग पलंगाखालची फळी काढली. थंड पाण्याच्या मोठ्या टाकीशेजारी स्टीलची एक छोटी टाकी होती. ज्यानं गाडीत घर करून दिलं, त्यानं तिच्या पोटात तांब्याची गुंडाळी बसवली होती आणि इंजिनच्या हीटर लाइनचे दोन होस तिला जोडले होते. गाडी चालली की इंजिनाचं तापलेलं कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं ते औषध मिसळलेलं पाणी, त्या गुंडाळीतून फिरतं आणि बाहेरचं पाणी गरम होतं. परदेशातल्या कॅम्पर गाड्यांमध्ये, बोटींमध्ये ही रचना असते, चांगली आहे. पण कूलंट आणि घरात वापरायचं पाणी यांच्यामध्ये तांब्याचा एकच पातळ पत्रा असतो. इथं गुंडाळी टाकीतून बाहेर येते तिथला ब्रेझिंगचा, म्हणजे धातू वितळवून केलेला, जोड रस्त्याच्या हादऱ्यांनी तडकला होता.

एकदा हे दिसल्यावर सगळं जुळलं. नळाचा बारा व्होल्टचा पंप साधारण पस्तीस पौंडांपर्यंत दाब धरतो. रेडिएटरचं झाकण तेराला सोडतं. रात्री पंप चालू असला की नळाचं पाणी त्या चिरेतून कूलंटमध्ये शिरायचं, झाकण उचलायचं आणि बाटली भरायची. "रात्री नळ बंद असताना पंप अधूनमधून आपोआप टर्र करतो," हे काकू नंतर म्हणाल्या. हे त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. प्रवासात काका पंप बंद ठेवायचे. थांबल्यावर हात धुवायला नळ सोडला की उरलेला दाब संपायचा, आणि मग गरम इंजिनातलं कूलंट उलट्या दिशेनं टाकीत यायचं. "पंप बंद असला तरी गरम नळाला पाणी येत राहतं, आम्हाला वाटलं वाफेचा जोर," हेही काकूंचंच. माझ्या गॅरेजात गाडीबद्दल पुरुष बोलतात आणि बाई गाडीत बसून असते. ती गाडी रोज वापरणारी काकू होती.

घाटात तापण्याचं कारणही यातच होतं. रोज साधं पाणी आत येऊन कूलंट पातळ झालं होतं. रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला. कूलंट किती अंशाला गोठेल ते हे यंत्र दाखवतं. अर्धं कूलंट, अर्धं पाणी असेल तर खूण उणे सदतीसच्या आसपास दिसते. ही दिसली उणे आठला, म्हणजे कूलंट जेमतेम पाचवा हिस्सा. झाकणाचं रबर वरचेवर उचलून खराब झालेलं, दाब धरत नव्हतं. दर तीनशे मीटर चढलं की पाण्याचा उकळबिंदू साधारण एक अंशानं उतरतो. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी पंच्याण्णव-शहाण्णवला उकळतं. थर्मोस्टॅट उघडतो ऐंशीच्या पुढं. पातळ कूलंट, नादुरुस्त झाकण, वरच्या भागात हवा आणि पहिल्या गिअरमध्ये चढणारी जड गाडी, एवढ्याशा फरकात ते इंजिन कसं टिकणार?

दुसरा थेंब गरम नळाच्या पाण्याचा टाकला. साध्या पाण्याची रेघ बरोबर शून्यावर असते. ही शून्याच्या जरा खाली सरकली होती. मग तेच पाणी पांढऱ्या कपात घेऊन उन्हात धरलं. नीट बघितलं तर हिरवट झाक होती, इतकी फिकी की स्टीलच्या भांड्यात कधीच दिसली नसती. काकांनी कप हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "काल चहा जरा गुळमट लागला होता."

कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. गोडसर लागतं म्हणून जास्त धोक्याचं. शरीरात गेल्यावर यकृत त्याचं आम्लात रूपांतर करतं आणि त्यातून तयार होणारे ऑक्झलेटचे खडे मूत्रपिंडात साठतात. उकळून ते जात नाही. ग्लायकॉल १९७ अंशाला उकळतं, पाणी त्याआधी उडून जातं. म्हणजे किटली जितकी उकळाल तितकं ते दाट होतं. हे सांगितलं तेव्हा काकू ओट्यावरच्या भांड्यांकडे बघत राहिल्या. त्या पाण्यानं त्या किती दिवस भांडी धूत होत्या, हे त्या मोजत असाव्यात.

गाडी तशीच ठेवली आणि दोघांना माझ्या स्कूटरनं आणि रिक्षानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना कूलंटचा डबाच दाखवला, म्हणजे काय पोटात गेलंय ते अंदाजानं सांगायला नको. रक्त-लघवी तपासली, दुपारपर्यंत थांबवून घेतलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. दोन्ही वेळा रिपोर्ट ठीक आले. त्या दुपारी मी गॅरेजात दुसऱ्या कुठल्या कामाला हात लावू शकलो नाही.

काम तसं छोटंच निघालं. गरम पाण्याची टाकी काढून टाकली, ब्रेझिंग पुन्हा करून द्यायला मी नाही म्हणालो. दोन्ही होस धातूच्या तुकड्यानं एकमेकांना जोडून लाइन बंद केली. इंजिन स्वच्छ पाण्यानं धुवून काढलं, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं, नवीन झाकण लावलं. गाडीचं तोंड रॅम्पवर वर करून, हीटर उघडा ठेवून, वरचा होस दाबत दाबत सगळी हवा काढली. निघालेलं जुनं कूलंट गटारात सोडलं नाही, डब्यात भरून झाकण लावून ठेवलं. गॅरेजात कुत्री असतात, ती गोड चाटतात. थंड टाकी आणि सगळ्या नळ्या चार वेळा धुतल्या. नळ बदलायचा आग्रह काकूंचा. किटली त्यांनी स्वतः दगडावर चेपून टाकली, कुणी उचलून वापरू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यवतेश्वरचा घाट चढलो. काका चालवत होते, मी शेजारी, काकू मागं. दुसऱ्या गिअरमध्ये, मुद्दाम एकदाही न थांबता. काटा मधल्या घरात जो बसला तो हलला नाही. वर गाडी उभी करून वीस मिनिटं थांबलो, बाटली बघितली, रेघेवर होती. खाली साताऱ्यातले दिवे लागत होते. काकूंनी माझ्या घरून भरून आणलेल्या कळशीतलं पाणी नव्या पातेल्यात ओतलं आणि स्टोव्ह पेटवला.