दोनशे चौदा कोटींचा तास

आठवणी लिहून पाठवा, असं शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं आणि शाळेतलं बाकी सगळं मागे सारून गणिताचे सर डोळ्यांपुढे उभे राहिले. कोणते, हे सांगायला नको. इंदूरच्या रामबागेतून सायकलवर येणारे, सदऱ्याचा खिसा कायम खडूने पांढरा. इतर गुरुजनांनी राग मानू नये, पण मी लिहिणार ते सरांविषयीच.

नववीत एकदा भूगोलाचा तास मोकळा होता. सर आले, फळ्यावर २१४७४८३६४७ लिहिलं आणि सगळ्यांकडून मोठ्याने वाचून घेतलं: दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दोनाचा एकतिसावा घात, वजा एक. "ही मूळ संख्या आहे. पटत नसेल तर भागून बघा."

"भिया, रात्र होईल!" मागच्या बाकावरून अस्सल इंदुरी हाक आली. खोटं नव्हतं. वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं पुढे; तिथपर्यंतच्या मूळ संख्या घ्यायच्या तर सुमारे ४,८०० भागाकार.

"ऑयलर नावाच्या स्विस गणितज्ञाने १७७२ साली हे सिद्ध केलं, आणि तेव्हा त्याची दृष्टी जवळपास गेलेली होती," सर म्हणाले. हिला कोणी मूळ संख्या भागत असलीच, तर तिला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी. झालं, गर्दीच हटली. ६३ बाद, २४९ ला तीनाने भाग जातो. पहिली खरी उमेदवार ३११ आणि तिच्यानंतर थेट १३०३. सगळ्या मिळून शंभरही उमेदवार नाहीत.

३११ माझ्या वाट्याला आली. भागाकार ६९,०५,०९२, बाकी ३५. "पस्तीस उरले, ३११ सुटली. पुढे कोण?" घंटा झाली तरी १३०३ वाला फळ्यापाशीच होता. हे २४८ कुठून आलं, ते दहावीत सांगेन म्हणाले. आणि खरंच, एका मधल्या सुट्टीत फर्मा या गणितज्ञाच्या सिद्धांतापासून सुरुवात करून सांगितलं. शिकवणीचा एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही.

आज मी बँकांच्या सॉफ्टवेअरचं काम करतो आणि तीच संख्या रोज भेटते. संगणकाच्या बत्तीस बिटांत, म्हणजे ०-१ च्या बत्तीस घरांत, ऋण संख्यांनाही जागा ठेवून, मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. (ती मूळ आहे याच्याशी संगणकाला काही देणंघेणं नाही, तो योगायोग.) १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या प्रणाली १९ जानेवारी २०३८ ला आपल्या सकाळच्या ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी इथवर पोचतील आणि पुढच्या सेकंदाला मोजणी उलटून ऋणात गेल्याने १९०१ साल दाखवतील. ती दुरुस्ती करणाऱ्या गटाचा मी प्रमुख आहे.

२०२४ मध्ये ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या सापडली: दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा एक. दोनाच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात; इथे घाताला चाराने भागून बाकी १, म्हणजे २ वजा एक, शेवटचा अंक १. कागद लागला नाही. सरांनी हेही तोंडीच करून घेतलं होतं. आता वर्गावर्गात पडदे लागले आहेत, मराठीच्या तुकड्या रोडावल्यात आणि फळ्यापाशी मुलांना कोण बोलावतं, कुणास ठाऊक.

आमच्या तुकडीने दहावीच्या गणितासाठी बक्षिसाची रक्कम पाठवली आहे. त्या बक्षिसाला सरांचंच नाव द्यावं, असा आमचा आग्रह आहे. समितीचं उत्तर अजून यायचं आहे.