बाण आणि बरोबरचे चिन्ह

रत्नागिरीजवळच्या एका आंबा बागायतदारांसाठी वाशीला जाणाऱ्या पेट्यांचा हिशेब ठेवणारे छोटे सॉफ्टवेअर मी सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहीत होतो. पाठवणीची तारीख, मार्का आणि दलालाचे नाव एकदा नोंदवल्यावर बदलता कामा नये, म्हणून हे सारे गुणधर्म (प्रॉपर्टी, म्हणजे वस्तूची नाव दिलेली माहिती) केवळ वाचण्यापुरते ठेवायचे ठरले.

2007 च्या तिसऱ्या आवृत्तीतल्या थोडक्या लिखाणात त्यासाठी सेट, म्हणजे किंमत (व्हॅल्यू) बदलणारा भाग, खाजगी करावा लागे, पण मग वर्गाच्या (क्लासच्या) आतून ती बदलण्याची वाट उघडीच राहत असे. 2015 च्या सहाव्या आवृत्तीपासून महिरपी कंसात नुसते गेट, म्हणजे किंमत वाचून देणारा भाग, लिहून भागते. किंमत तिथेच बरोबरच्या चिन्हापुढे किंवा कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे वस्तू घडवणाऱ्या कोडमध्ये, देता येते, नंतर नाही. बाणाचे (=>) लिखाणही त्याच आवृत्तीत आले, आणि ते आणखी आटोपशीर दिसते म्हणून पेट्यांच्या यादीसाठी मी बाणापुढे नवी रिकामी यादी लिहून टाकली.

कोड तपासून त्याचे भाषांतर करणाऱ्या कंपायलरने चकार शब्द काढला नाही. पेट्या भरल्या जात होत्या, बेरीज मात्र शून्यच येत होती. ऐन हंगामातल्या दोन संध्याकाळी मी विनाकारण डेटाबेसवर संशय घेण्यात घालवल्या, “पेट्या गेल्या कुठे?” या बागायतदारांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी डीबगरमध्ये, म्हणजे कोड ओळीओळीने चालवून पाहण्याच्या साधनात, पेटी घातल्यानंतर पुढच्याच ओळीला यादी पुन्हा रिकामी दिसली, तेव्हा उलगडा झाला. बाणापुढचा मजकूर ही साठवलेली किंमत नसून गेटचे कामच असते आणि गुणधर्म वाचला की ते दर वेळी नव्याने चालते, त्यामुळे माझी प्रत्येक पेटी एका नव्या यादीत पडून तिच्यासकट नाहीशी होत होती. गेट आणि पुढे बरोबरचे चिन्ह असे लिहिल्यावर वस्तू घडताना एकदाच यादी तयार झाली आणि बेरीज जुळली.

तरी एक फट राहिलीच. गुणधर्माला दुसरी यादी देता येत नसली, तरी आहे त्या यादीत बाहेरून कोणीही पेटी घालू किंवा काढू शकत होता. म्हणून खरी यादी खाजगी फील्डमध्ये (वर्गाच्या आतल्या साठवणीच्या जागेत) ठेवली, पेटी घालण्यासाठी वेगळी मेथड (काम करणारा कोड) दिली आणि बाहेर आयरीडओन्लीलिस्ट या केवळ वाचण्यापुरत्या यादीच्या प्रकाराने तीच यादी दाखवली. त्या ओळीत बाणच लिहिला आहे, कारण तो आता नवे काही न घडवता आधीची यादी परत देतो. एकूण डझन आणि दर यांचा गुणाकारही बाणानेच होतो, कारण वाशीचा दर मागाहून कळतो आणि बाण दर वेळी नव्याने गुणाकार करतो.