आबांचे पाय उंबऱ्यातच का अडतात

पार्किन्सन म्हणलं की लोकांच्या डोळ्यापुढं थरथरणारा हात येतो, बास. आमच्या आबांना (माझे सासरे) हाच आजार आहे पण त्यांचा हात फारसा थरथरत नाही, त्यामुळं घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, वय झालं की होतंय असं, जरा हिंडायफिरायला लावा त्यांना. खरा त्रास वेगळाच आहे. हॉलमधून स्वयंपाकघराकडं आबा बऱ्यापैकी चालत येतात आणि बरोबर उंबऱ्यापाशी आले की पाय खिळल्यागत थांबतात, टाचा उचललेल्या, गुडघे बारीक बारीक हलतायत, अंग पुढं झुकलंय पण पाऊल काही पडत नाही. आणि हेच आबा जिना मात्र सरळ चढून वर जातात! बघणाऱ्याला वाटतं मुद्दाम करतायत. तसं अजिबात नाहीये आणि ते का नाही हे सांगायलाच आज लिहायला बसलेय.

याला फ्रीझिंग म्हणतात. अरुंद दार, वळायची जागा, कुणीतरी मागून घाई करणं, असं काही आलं की होतं. पाय ठीक असतात, ताकद असते, इच्छा तर असतेच असते. बिघाड असतो तो मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया म्हणून जो भाग आहे त्याच्या सर्किटमध्ये.

मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, वर्गात निम्मी पोरं वाळवा, तासगाव भागातली, त्यांना मी हे शेतात दारं धरायच्या भाषेत सांगते. पाटाचं पाणी आलं की एका सरीचं दार उघडायचं आणि बाकीची बंद ठेवायची, सगळी उघडली तर पाणी कुठंच नीट पोचत नाही. बेसल गँग्लिया हेच काम करतं, आत्ता कुठली हालचाल होऊ द्यायची आणि कुठल्या अडवायच्या. त्यात एक वाट उघडणारी आणि एक अडवणारी, आणि डोपामिन हे मेंदूतलं रसायन उघडणारीला जोर देतं, अडवणारीला आवर घालतं. हे डोपामिन बनवणाऱ्या पेशी मध्यमेंदूत काळसर पट्ट्यात असतात, खरोखर नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका काळा पट्टा, आणि पार्किन्सनमध्ये तो फिका पडत जातो. लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. मग अडवणारी वाट माजते आणि सगळीच दारं बंद राहायला लागतात.

हे कळलं कसं याची हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. 1982 साली कॅलिफोर्नियात काही तरुण नशेबाज अचानक पुतळ्यागत ताठ होऊन दवाखान्यात आले, बहुतेक विशी-तिशीतली, आणि लक्षणं सगळी उतारवयातल्या पार्किन्सनची. विल्यम लँग्स्टन या डॉक्टरांनी माग काढला तर त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन निघालं जे नेमक्या त्या काळ्या पट्ट्यातल्या पेशी मारतं. त्या पोरांचं फार वाईट झालं, पण त्यामुळं माकडांमध्ये हा आजार तयार करून सर्किट तपासता आलं. महलॉन डीलाँग हे मेंदूशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये दाखवलं की अशा माकडाच्या मेंदूतलं सबथॅलॅमिक न्यूक्लिअस नावाचं छोटंसं केंद्र, जे अडवणाऱ्या वाटेवर आहे आणि आजारात अति काम करतं, ते निकामी केलं की माकड पुन्हा हलायला लागतं. तिकडं फ्रान्समध्ये ग्रेनोबलला मेंदूचे सर्जन बेनाबिद यांना 1987 मध्येच दिसलं होतं की मेंदूत घातलेल्या तारेतून जलद गतीनं वीज सोडली की थरथर थांबते. दोन्ही धागे जुळले आणि आज ज्याला डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत तार बसवून वीज सोडत राहणं) म्हणतात ती शस्त्रक्रिया उभी राहिली. माकडांवरच्या प्रयोगांचा काय उपयोग असं कुणी म्हणलं की मी हे सांगते.

आता जिन्याचं कोडं. संशोधकांचं म्हणणं असं की आपसूक होणारी चाल या बिघडलेल्या सर्किटवर जास्त अवलंबून असते, पण समोर पायरी दिसली, रेघ दिसली किंवा कानावर ताल पडला की मेंदू दुसरा रस्ता वापरतो, डोळ्यांकडून-कानांकडून येणारा, ज्यात लहान मेंदूचा वाटा मोठा असावा. मिरजेच्या फिजिओ ताईंनी हेच वापरलं. हॉल ते स्वयंपाकघर एका पावलाच्या अंतरावर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावायला सांगितल्या, एक बरोबर उंबऱ्याच्या पलीकडं. आबा पट्टी बघतात, पाय उचलतात, ओलांडतात. मोबाईलवर टिकटिक लावा म्हणल्या होत्या पण ती आबांना आवडेना. आबा जुने वारकरी, तरडगावच्या चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण किती वर्षं पाहिलेलं, म्हणून सासूबाईंनी घरातले टाळ काढले. त्या टाळ वाजवत "ज्ञानोबा माउली तुकाराम" धरतात आणि आबांचं पाऊल पावलीच्या ठेक्यात सुटतं. दर वेळी होतं असं नाही. थकले असले, गोळीचा असर उतरलेला असला की टाळही चालत नाहीत.

म्हणून कुणाच्या घरी असं माणूस असेल तर कृपा करून हात धरून ओढू नका, "उचला की पाय" म्हणून घाईही करू नका, पडतात. थांबा, एक पाय तुमचा त्यांच्यासमोर आडवा ठेवा आणि तो ओलांडायला सांगा.

अजून एक, खाजकुयलीच्या बियांची पावडर. गावाकडून हमखास कुणीतरी पुडी आणून देतं. त्या बियांत लेव्होडोपा (ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं) खरंच असतं, भारतीय शास्त्रज्ञांनी 1937 मध्ये ते वेगळं काढलं होतं, आणि आबांच्या गोळीतही तेच औषध आहे. पण म्हणूनच गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता पावडर द्यायची नाही, डोस जास्त होतो, बीपी पडतं, भास होतात. गोळी जेवणाच्या जरा आधी द्यायची, कारण डाळी-दुधातलं प्रोटीन तिच्या आड येतं.

डीबीएस आबांना करायचं का, हे सगळे विचारतात. ज्यांना गोळीनं चांगला फरक पडतो त्यांनाच सहसा त्याचा फायदा होतो, आणि जे फ्रीझिंग गोळीनंही सुटत नाही ते तारेनंही फारसं सुटत नाही. स्मरणशक्ती कशी आहे तेही बघतात. त्यासाठी टेस्ट असते, रात्रीपासून गोळ्या बंद ठेवून सकाळी चालायला लावतात, मग गोळी देऊन परत चालवतात आणि दोन्हीतला फरक मोजतात. आबांची पुढच्या महिन्यात आहे.